आण्णा, तुमचा काटा अजून माझ्याकडेच आहे

आण्णा, सप्रेम नमस्कार.

खरं तर हे तुमच्या दारात येऊन सांगायला हवं. पण तुम्ही "जा गं, त्यात काय एवढं" म्हणून मला वाटेला लावाल, म्हणून चार लोकांसमोर लिहिते आहे.

अकरावीला सायन्स घेतलं आणि दहावीपर्यंत ओळखीचं असलेलं 'कार्य' एकदम 'वर्क' झालं. क्लासच्या सरांनी फळ्यावर लिहिलं, बल गुणिले विस्थापन गुणिले कोसाइन थीटा, थीटा म्हणजे जोराची दिशा आणि सरकण्याची दिशा यांतला कोन. वर एक उदाहरण दिलं: डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्यानं चालणारा माणूस त्या ओझ्यावर शून्य कार्य करतो. मी हात वर केला. "सर, मग माझी आई नळावरून घागर आणते, ते शून्य?" सर म्हणाले, "हो, तुझी आई काहीच काम करत नाही." अख्खा वर्ग हसला. मग सरही हसले. "सूत्रात टाक, उत्तर येतंय ना? पुढं चल." त्या क्लासची फी आईनं भिशीच्या पैशांतून भरली होती.

त्यानंतर मी दीड महिना वर्गात तोंड उघडलं नाही. गणितं यायची तशी यायची, चुकायची तशी चुकायची. कोसाइन कुठं लावायचा आणि कुठं नाही, हा माझ्यासाठी छापा-काटा होता.

तुम्ही जिन्याखाली सुताच्या पोत्यांच्या गाडीला तेल घालत होता आणि मी पायरीवर वही घेऊन रडत बसले होते. तुम्ही का रडतेस ते विचारलं नाही, "काय अडलंय?" एवढंच विचारलंत. मग घरातून हुकाचा काटा आणलात, भंगारवाले वापरतात तसला. गाडीला दोरी बांधली, दोरीला काटा अडकवला आणि म्हणालात, "ओढ." दोरी जमिनीला समांतर धरली तेव्हा काटा २ किलोवर. म्हणजे १९.६ न्यूटन. बोळातून ५ मीटर ओढली, कार्य ९८ ज्यूल. मग माझ्याच कंपासपेटीतल्या कोनमापकानं ६० अंश मोजून दोरी वर धरायला लावलीत. काटा चारच्या जरा अलीकडे, पावणेचारवर थरथरत होता. जोर जवळजवळ दुप्पट आणि गाडी तेवढीच पुढं! त्या दिवशी कोसाइन मला हाताच्या स्नायूंत कळला. तिरप्या जोरातला अर्धाच वाटा गाडीला पुढं नेतो, उरलेला तिला नुसता वर खेचत राहतो.

पण ६० अंशांचा कोसाइन अर्धा धरून तेवढ्याच ५ मीटरचा हिशेब केला तर ९२ ज्यूलच आले. मी म्हटलं, चुकलं. तुम्ही मात्र खूश झालात. "चुकलं नाही. दोरी गाडीला थोडं उचलूनही धरतेय, जमिनीवर भार कमी, म्हणून घर्षणही कमी." न जुळणाऱ्या उत्तरावर खूश होणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तरी मला आभार त्याचे मानायचे नाहीत. धीर करून मी तुम्हालाही घागरीचा तोच प्रश्न विचारला. तुम्ही हसला नाहीत. चष्मा काढला, पुसला, बराच वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, "मला नीट माहीत नाही. उद्या सांगतो."

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही खरंच आलात. दुखऱ्या गुडघ्यानं आमच्या चाळीस पायऱ्या चढून, कोणाला तरी विचारून, सूत गुंडाळायच्या कोनच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं टिपून. एक पिशवी भिंतीच्या खिळ्याला अडकवलीत, दुसरी माझ्या हातात दिलीत. "खिळा दमत नाही, हात दमतो. पिशवीला दोन्ही सारखंच." पिशवी हलत नाही, म्हणून तिच्यावर कार्य शून्य. पण ती नुसती धरून ठेवायला स्नायूंचे तंतू आत सारखे आखडतात, सैल होतात. त्यात शरीराची ऊर्जा खर्च होते, तिची उष्णता होते. शून्य आहे ते घागरीच्या हिशेबात. आईच्या हिशेबात नाही.

मग तुम्हीच जिन्याकडे बोट दाखवलंत, "आणि हे चढणं कुठं सपाट आहे?" मी मांडलं. घागर १५ किलो, पायरी १५ सेंटिमीटर, चाळीस पायऱ्या म्हणजे ६ मीटर. ८८२ ज्यूल. आईचे स्वतःचे ५५ किलो धरले तर ४,११६. एका खेपेला. पाणी आलेल्या दिवशी वीस खेपा होतात, आणि आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. आई चुलीपाशी ऐकत होती. वीस खेपांचा आकडा ८२,३२० आला तेव्हा म्हणाली, "एवढे?"

शिकलेल्या माणसांना "मला माहीत नाही" म्हणायला किती कमीपणा वाटतो! आयुष्यभर मागांवर जॉबरकी, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती, केलेल्या तुम्हाला वाटला नाही. पुढं कळलं की ज्याच्या नावानं ज्यूल मोजतो तो जेम्स ज्यूलही कुठं प्राध्यापक नव्हता, इंग्लंडमधल्या एका बिअर कारखानदाराचा मुलगा होता. पडत्या वजनांनी पाण्यातली चाकं फिरवून पाणी किती तापतं ते मोजत बसायचा. तुमचं त्याच्याशी जमलं असतं.

मी आता वर्गात पुन्हा हात वर करते. सर वैतागतात. वैतागू देत.

पुठ्ठा मी वहीत चिकटवलाय, तो परत मिळणार नाही. काटा मात्र रविवारी घेऊन येते. आई त्यावर रद्दी तोलून रद्दीवाल्याशी भांडायला लागली आहे, तिच्याकडून तो सोडवायला जरा वेळ लागेल.

तुमची,
वरच्या मजल्यावरची