डांग्या खोकल्यात आमचे घर सावरणाऱ्या सिस्टरांना पत्र

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार.

आपल्या मदतीबद्दल आम्ही काही देऊ केले, तेव्हा आपण हात जोडून नकार दिलात आणि 'सांगितले ते आणखी चार घरांत सांगा, एवढे पुरे' असे म्हणालात. म्हणून हे पत्र खाजगी न ठेवता उघडपणे लिहीत आहे. आभार मानायचे आहेतच. पण आपण कोणती गोष्ट का करायला लावलीत, हेही शक्य तितके नेमके लिहिण्याचा प्रयत्न आहे.

सहकारनगरात जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचे काम गल्लोगल्ली चालू असल्यामुळे हिवाळ्यातल्या खोकल्याचे कोणालाच नवल वाटत नाही. माझ्या दहा वर्षांच्या मुलाची सर्दी ओसरून खोकला वाढत गेला, तेव्हाही 'धूळ' हेच कारण सर्वांच्या तोंडी होते. दिवसा तो हसत-खेळत असे. रात्री मात्र उबळ आली की श्वास घ्यायलाही उसंत न देता खोकल्यामागून खोकला, लालबुंद चेहरा, डोळ्यांतून पाणी, शेवटी श्वास आत ओढताना घशातून निघणारा लांबलचक कर्कश आवाज आणि त्यापाठोपाठ उलटी, असा प्रकार चाले. जिन्यातून जाताना आपण तो आवाज ऐकून दार वाजवलेत आणि आधी एवढेच विचारलेत, 'घरात तान्हे बाळ आहे ना?'

माझी बहीण बाळंतपणासाठी नाशिकहून माहेरी आलेली होती आणि तिची मुलगी तेव्हा महिन्याचीही झालेली नव्हती. डांग्या खोकला दहा वर्षांच्या मुलाला बेजार करतो, तान्ह्या बाळाच्या मात्र तो जिवावर बेतू शकतो, आणि इतक्या लहान बाळाला ती ठसठशीत उबळ येईलच असे नाही, ते नुसतेच श्वास घ्यायचे थांबते व निळे पडते, हे आपण आईला घाबरवून न सोडता समजावून सांगितलेत. या रोगाविरुद्धच्या लसीचा पहिला डोस बाळाला पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीमधून सहाव्या आठवड्यात मिळतो, पुढचे दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. तोवर बाळाची भिस्त आईकडून आलेल्या संरक्षणावर आणि घरातल्यांच्या सावधपणावर असते. गरोदरपणी 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान आईने धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला या तिन्हींवरची टीडॅप लस घेतल्यास हे संरक्षण वाढते. सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रियांना दिली जाणारी टीडी लस केवळ धनुर्वात आणि घटसर्पासाठी असते, हा फरक आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हता. मुलाचे सगळे डोस वेळेवर झाले होते, याच तीन रोगांवरच्या डीपीटी लसीचा शेवटचा बूस्टर पाचव्या वर्षी. पण हे संरक्षण काही वर्षांनी क्षीण होते आणि मोठी मुले व प्रौढ माणसे नकळत हा जंतू घरी आणतात. जगभर जाणाऱ्या लसी ज्या हडपसरमध्ये तयार होतात, तिथून अर्ध्या तासावर राहूनही एवढे साधे आम्हाला आपल्याकडून कळावे, याची गंमत वाटते.

त्याच संध्याकाळी आपण आम्हाला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलेत, आणि जाण्यापूर्वी एका उबळीचे मोबाइलवर चित्रण करायला सांगितलेत, कारण दोन उबळींच्या मधल्या वेळात असे मूल तपासणाऱ्याला ठणठणीत दिसते. ते चित्रण पाहताच डॉक्टरांनी नाकाच्या आतून नमुना घेतला आणि अहवालाची वाट न पाहता ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा कोर्स सुरू केला. घरात तान्हे बाळ असल्यामुळे आम्हा सर्वांना, वजनाच्या हिशोबाने बाळालासुद्धा, त्यांनी प्रतिबंध म्हणून तेच औषध दिले. कोर्स संपूनही खोकला थांबेना, तेव्हा आम्ही धीर सोडला नाही, तो आपण आधीच बजावून ठेवल्यामुळे: उबळी सुरू झाल्यावर दिलेले हे औषध प्रामुख्याने संसर्ग थांबवते, खोकला आपल्या गतीनेच, कधी दोन-तीन महिन्यांनी जातो. औषध न घेतल्यास सुमारे तीन आठवडे रुग्णापासून इतरांना लागण होऊ शकते. कोर्सचे पाच दिवस पूर्ण झाल्यावर शाळेत पाठवायला हरकत नसते.

बाळंतिणीच्या खोलीचा प्रश्न आपण ज्या हुशारीने सोडवलात, त्याचे मला सर्वांत कौतुक वाटते. सव्वा महिना बाळंतिणीला जपायचे, हा आईचा दंडक आपण मोडला नाहीत, उलट अधिक कडक केलात: खोलीत एकटी आजी जाईल, तीही मास्क लावून आणि हात धुऊन, बाळ बघायला येणाऱ्यांनी दारातूनच परत जायचे. एवढा मान मिळाल्यावर आईने धुरीचा हट्ट सोडला. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून बाळाला धुरी देण्याची आमच्याकडची पद्धत. 'बाळाच्या श्वासाला धूर नको, शेक हवा तर बाळंतिणीच्या कमरेला गरम पाण्याच्या पिशवीचा द्या,' असे आपण म्हणालात. उदबत्ती आणि डासांची कॉइलही त्याच दिवशी बंद झाली. बाळगुटी मधात उगाळण्यावरून थोडी वादावादी झाली खरी. एक वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोट्युलिझमची विषबाधा होण्याचा धोका असतो, म्हणून चाटवण्यापुरताही मध नको, यावर आपण तसूभरही हटला नाहीत. मुलाला मात्र झोपताना चमचाभर मध आणि हळदीचे दूध द्यायला आपली ना नव्हती. त्याने घशाला आराम पडतो, जंतू मरत नाहीत, एवढेच लक्षात ठेवा म्हणालात.

उबळ आली की त्याला उठवून, किंचित पुढे झुकवून बसवायचे, पाठीत धपाटे घालायचे नाहीत, तोंडात पाणी ओतायचे नाही, उशाशी घमेले तयार ठेवायचे आणि आपण शांत राहायचे, हे आपण स्वतः त्याच्याशेजारी बसून दाखवलेत. पोटभर जेवणानंतर उबळ आली की सगळे बाहेर पडते, म्हणून मऊ भात, मुगाचे वरण, पेज असे थोडे-थोडे अनेकदा द्यायचे. उलटी झाली तर जरा थांबून पुन्हा दोन घास भरवायचे. पातेल्याची वाफ आपण साफ नाकारलीत, कारण उकळत्या पाण्याशेजारी खोकणारे मूल म्हणजे भाजण्याला आमंत्रण. कफ सिरपची बाटलीही कपाटात गेली. या खोकल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही; शिवाय 2025 मध्ये छिंदवाड्यात दूषित सिरपमुळे मुले दगावल्याच्या बातम्या ताज्या होत्या, आणि दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत व पाच वर्षांखालील मुलांना सहसा देऊ नयेत, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य खात्यानेही केलेली होती.

फ्रिजवर चिकटवलेला आपल्या हस्ताक्षरातला कागद अजून तिथेच आहे. ओठ निळे किंवा राखाडी पडणे, श्वासात खंड पडणे, झटका येणे, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडणे, बाळाने दूध सोडणे, लघवी कमी होणे, खोकला कमी होत असताना नव्याने ताप चढणे: यांपैकी काहीही दिसले तर मला विचारत बसू नका, 108 ला फोन करा. हे शेवटचे वाक्य आपण दोनदा अधोरेखित केले आहे.

बाबांचा खोकला याच गडबडीत नातवाच्या खाती जमा झाला असता. आपण मात्र तो किती दिवसांचा आहे हे विचारलेत, दोन आठवड्यांहून जुना म्हटल्यावर महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची क्षयरोगाची मोफत तपासणी करायला लावलीत, आणि ती निर्दोष आल्यावर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मागून रॅमिप्रिल या नावावर बोट ठेवलेत, कारण या गोळीने काहींना कोरडा खोकला लागतो. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा, असे सांगितलेत. डॉक्टरांनी ती बदलून दिली आणि काही आठवड्यांत त्यांचा कोरडा खोकला गेला. इतके महिने आम्ही सगळे डक्टमधल्या कबुतरांना दोष देत होतो!

मुलगा आता शाळेत जातो. नवी सर्दी झाली की जुनी उबळ डोके वर काढते, पण असे काही महिने होऊ शकते हे आपण सांगून ठेवल्यामुळे आम्ही त्याला मधल्या सुट्टीसाठी छोटे डबे देतो आणि वाट पाहतो. भाचीला लागण झाली नाही. तिचा सहाव्या आठवड्याचा डोस झाला आहे, दहाव्याचा पुढच्या आठवड्यात आहे. पुढे ढकललेले तिचे बारसे येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता घरीच करीत आहोत. पाळण्याची दोरी आपल्या हाती असावी, अशी आईची आणि बहिणीची इच्छा आहे. सर्दी-खोकला असलेल्यांनी येऊ नये, असे निमंत्रणात आपल्या सूचनेप्रमाणे स्पष्ट लिहिले आहे.

आपला कृतज्ञ,
पहिल्या मजल्यावरचा शेजारी
सहकारनगर, पुणे