बटण दाबलं, पण रोव्हर हललाच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या सोलापुरातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात पोरांनी बनवलेला रोव्हर (चंद्रावर-मंगळावर लांबून हुकूम देऊन चालवतात तसली गाडी) बघायला मुलीला घेऊन गेलो होतो. सहा चाकं, वर कॅमेरा, आणि चंद्रावरच्यासारखा मुद्दाम तीन सेकंदांचा उशीर घातलेला. मुलीनं टॅबवर पुढे जायचं बटण दाबलं, काहीच हललं नाही म्हणून परत दाबलं, परत दाबलं, "पप्पा, हे चालंना की" म्हणेपर्यंत तिन्ही हुकूम एकामागोमाग पोचले आणि रोव्हर जाऊन विटेवर आदळला. सगळे हसले, पोरगी हिरमुसली. पण मला वाटतं चूक तिची नव्हतीच, स्क्रीनची होती. "निरोप निघालाय, अजून पोचायचाय" एवढं जरी तिथं दिसलं असतं तरी तिनं हात आवरला असता.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात मागावर असतो. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, पण आमच्या नव्या मशीनच्या पॅनलवर नुसता लाल दिवा आणि इंग्रजीत एक कोड येतो, कुठं तुटला ते आम्हीच वाकून शोधायचं. मशीनला कळलेलं असतं पण माणसाला सांगता येत नाही. आम्हाला निदान वाकून बघता तरी येतं, चंद्रावर कोण जाणार बघायला?

चंद्रापर्यंत सिग्नल जाऊन यायलाच अडीच सेकंद लागतात, मंगळाला तर एका बाजूनं कधी ३ मिनिटं कधी २२. म्हणून मंगळावरचा रोव्हर कुणी जॉयस्टिकनं चालवत नाही, दिवसभराचं काम आधी ठरवून पाठवतात. सोव्हिएत रशियाचा लुनोखोद रोव्हर १९७० साली चंद्रावर उतरला तेव्हा पृथ्वीवर बसलेली पाच जणांची टीम काही सेकंदांनी एक येणाऱ्या चित्रावरून तो हाकायची, म्हणजे जे दिसतंय ते होऊन गेलेलं असायचं. आपल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरला २७ ऑगस्ट २०२३ ला ४ मीटरचा खड्डा ३ मीटर आधी दिसला आणि त्याला माघारी वळवलं, ती बातमी आपल्या पेपरात वाचून अंगावर काटा आला होता. पण इथं स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला तो खड्डा वेळेत कसा दिसला, स्क्रीनवर काय काय असतं, यावर कुणी लिहीतच नाही, विज्ञानाच्या पानात तेवढी जागा द्याच.

आणि कॉलेजच्या पोरांना सांगणं आहे, उशीर घातला हे लई भारी केलंत. आता त्याच स्क्रीनवर हे चित्र किती सेकंदांपूर्वीचं आहे ते लिहा, आणि हुकूम पाठवायच्या आधी रोव्हर कुठपर्यंत जाईल त्याची रेघ चित्रावरच दाखवा. मग आमच्यासारख्यांच्या हातात टॅब द्या आणि काहीच न सांगता बाजूला उभं राहून बघा, हात कुठं अडखळतो ते. आमच्या कारखान्यातले चौघं-पाचजण सुट्टीच्या दिवशी यायला तयार आहेत, मुलगी तर आत्तापासूनच विचारतीय कधी जायचं.

आपला,
एक वाचक, सोलापूर