ऑफिस टाइमच्या रोपांना मृगाआधी आडोसा हवा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी फुलझाडांविषयी आलेला मजकूर मी आवडीने वाचला. त्यात 'ऑफिस टाइम'च्या रोपांना सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी द्यावे आणि कुंडीत कोकोपीटचे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचे, प्रमाण जास्त ठेवावे, असा सल्ला दिलेला आहे. मंगळवार पेठेतील आमच्या घराच्या गच्चीवर मी गेली अकरा वर्षे ही झाडे लावते आहे आणि या काळात माझी जी रोपे गेली, ती जवळजवळ सगळी याच दोन गोष्टींमुळे गेली. मृग आता तीन आठवड्यांवर आला आहे. आपले वाचक तो सल्ला मानून पावसाळ्याला सामोरे गेले, तर जुलै उजाडेपर्यंत त्यांच्या कुंड्यांत काळपट चिखलाखेरीज काही उरणार नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्या झाडाला आपण ऑफिस टाइम, कोणी चिनी गुलाब, तर रोपवाटिकेतले लोक पोर्तुलाका म्हणतात, त्याचे शास्त्रीय नाव पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा. पाने सुईसारखी गोल आणि रसाळ, देठ लालसर, पानांच्या बेचक्यात पांढरी बारीक लव आणि फुले गुलाबी, केशरी, पिवळी, पांढरी, राणी रंगाची. रुंद चपट्या पानांचे आणि पाच पाकळ्यांच्या एकेरी फुलांचे जे रोप अलीकडे टांगत्या कुंड्यांतून विकले जाते, ते याचे भावंड, पोर्तुलाका अंब्राटिकोला. दोघांची निगा सारखीच आहे. आपल्या रानातली घोळ आणि चिगळ याही याच कुळातल्या, त्यामुळे घोळीची भाजी निवडलेल्या कोणालाही या झाडाच्या देठाचा आणि पानाचा गुळगुळीत, पाणीदार स्पर्श लगेच ओळखू येतो.

हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जॅक्सन हूकर यांनी १८२९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, ते जॉन गिलीज या स्कॉटिश डॉक्टरांना अर्जेंटिनातील मेंडोसा परिसरात सापडलेल्या झाडांवरून. अँडीज पर्वताच्या पायथ्याचा तो प्रदेश कोरडा आणि रेताड आहे; तिथे वर्षभरात साधारण २०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात वर्षाला १००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मेंडोसाच्या माळाला जेवढे पाणी वर्षभर पुरते, त्याहून जास्त आमच्या गच्चीवरच्या कुंडीवर एकट्या जुलै महिन्यात कोसळते. हा फरक मनात ठेवला की या झाडाच्या निगेतील बाकीच्या गोष्टी आपोआप कळत जातात.

त्याच्या अंगची काटकसर किती खोल आहे, हे त्याच्या नात्यातल्या घोळीवरून समजते. ऊस, मका आणि ज्वारी भर उन्हात झपाट्याने अन्न तयार करतात त्या पद्धतीला सी-फोर म्हणतात. निवडुंगासारख्या वनस्पती दिवसा पानांची रंध्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात हवा आत घेतात, त्या पद्धतीला कॅम म्हणतात. एरवी एकाच झाडात या दोन्ही पद्धती सहसा आढळत नाहीत. घोळीच्या पानात मात्र या दोन्ही पद्धती एकाच पेशीत एकमेकींत गुंतून चालतात, असे येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले. आपले ऑफिस टाइमही पाणी तुटले की कॅमचा आधार घेते. ज्या झाडाने उन्हाशी आणि टंचाईशी अशी सोयरीक केली आहे, त्याच्या मुळाशी दिवसातून दोनदा पाणी ओतणे म्हणजे त्याचा जीव गुदमरवणे आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. नोकरीतून निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या मे महिन्यात मी एका रोपवाटिकेतून चौदा रोपे आणली. ती नुसत्या कोकोपीटमध्ये वाढवलेली होती आणि 'रोज पाणी घाला, ताई' एवढीच सूचना मला मिळाली होती. महिनाभर गच्ची इतकी फुलली की शेजारच्या बायका मुद्दाम जिना चढून बघायला येत. मृगाच्या सरी आल्या, तेव्हाही रोपे तगली. मग आर्द्रा नक्षत्रात झड लागली आणि सलग नऊ दिवस ऊन पडले नाही. दहाव्या दिवशी मी एक फांदी सरळ करायला गेले, तर ती मातीच्या कडेशी शिजलेल्या अळूच्या देठासारखी बोटांत विरघळली. वरची पाने अजून हिरवी होती, खालचे खोड मात्र तपकिरी आणि पाणचट झाले होते. कुंडीत बोट घातले तर कोकोपीट स्पंजासारखे गच्च भिजलेले होते. आठवडाभरात चौदाच्या चौदा रोपे गेली, आणि ती उन्हात नीट जगवली होती म्हणून मला फार वाईट वाटले.

तेव्हापासून मी कोकोपीट वापरत नाही. दोन भाग साधी माती, दोन भाग विटांचा जाडसर चुरा आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण मी करते. नदीची वाळू आता सहज मिळत नाही आणि ती उपसूही नये. आपल्याकडे वीटभट्ट्या भरपूर असल्याने फुटक्या विटा कोणीही देतो, त्या घरी कुटून चाळून घेता येतात. कुंडी उथळ, सहा इंच खोलीची पुरते. तळाच्या भोकांवर कौलाचे तुकडे उपडे घालावेत आणि कुंडी जमिनीवर न टेकवता दोन विटांवर ठेवावी, म्हणजे भोके मोकळी राहतात. कुंडीखालची थाळी पावसाळ्यात काढून टाकावी. खताचा हात आखडता ठेवावा, कारण खत जास्त झाले की पाने माजतात आणि कळ्या कमी येतात. साखर कारखान्याची मळी शेतीला चांगली असली तरी या कुंड्यांत मी ती कधी घालत नाही.

पाण्याचे माझे प्रमाण असे आहे. एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड सकाळी, थंडीत चार-पाच दिवसांनी, आणि प्रत्येक वेळी आधी बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहायचे. ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा. झाडाला खरोखर तहान लागली की त्याची पाने किंचित सुरकुततात. तो इशारा दिसल्यावर पाणी दिले तरी ते संध्याकाळपर्यंत टवटवीत होते.

आता पावसाळ्याविषयी, कारण या पत्राचे मुख्य कारण तेच आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी सगळी झाडे बोटभर उंचीवर छाटते. प्रत्येक रंगाची एक कुंडी निवडून ती जिन्याच्या पूर्वेकडच्या भिंतीशी, पत्र्याखाली नेते. आपल्याकडे पावसाचा झोत पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पूर्वेच्या भिंतीला तिरकी सर सहसा पोहोचत नाही आणि उघडीप मिळाली की सकाळचे ऊन मात्र मिळते. पत्र्याच्या पागोळ्या कुंडीत पडणार नाहीत एवढे पाहावे. जून ते सप्टेंबर या कुंड्यांना मी आठ-दहा दिवसांनी वाटीभर पाणी देते, खत अजिबात देत नाही. या काळात झाड लांबुडके, विरळ आणि केविलवाणे दिसते. कळ्या आल्याच तर ढगाळ हवेत त्या उघडत नाहीत. हा रोग नव्हे. या फुलाला उमलायला लख्ख ऊन लागते, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ लोक नेमके श्रावणात झाड मेले असे समजून ते उपटून टाकतात आणि ऑक्टोबरात पुन्हा पैसे मोजून नवीन आणतात. थोडा धीर धरला तर जुनेच झाड सप्टेंबरअखेरीस नवे फुटवे धरते.

उन्हाची गोष्ट निघाली म्हणून एक प्रसंग सांगते. आमच्या शेजारचा मुलगा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला आहे. सकाळी साडेसातला तो घर सोडतो आणि अंधार पडल्यावर परततो. मी दिलेल्या रोपाला चार महिने झाले तरी एकही फूल आले नाही, अशी तक्रार तो माझ्याकडे करत असे. एका रविवारी दहाच्या सुमारास तो सहज गच्चीवर गेला आणि कुंडीत बावीस फुले मोजून धावत आमच्याकडे आला. उन्हाळ्यात ही फुले नऊच्या आत उमलतात, थंडीत दहा-साडेदहा होतात, आणि दुपार कलली की मिटतात. मिटलेले फूल पुन्हा उघडत नाही, दुसऱ्या दिवशी नवीन येते. म्हणून कुंडी अशा जागी ठेवावी, जिथे किमान सहा तास ऊन असेल आणि सकाळी घरात असणाऱ्या माणसाची नजर पडेल. माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षे फारशा हिंडू शकत नव्हत्या. त्यांच्या खिडकीसमोरच्या कठड्यावर मी केशरी फुलांच्या तीन कुंड्या ठेवल्या होत्या, आणि फुले उघडली की त्या 'दहा वाजले गं' असे आतून सांगत.

उमललेल्या फुलाजवळ घटकाभर बसावे, असे मी सर्वांना आग्रहाने सांगेन. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. काडीच्या टोकाने त्याला एका बाजूने हळूच स्पर्श केला, तर ते केसर काही क्षणांत स्पर्शाच्या दिशेने कलतात. मधमाशी फुलात शिरली की केसर तिच्या अंगाकडे झुकतात आणि पराग तिला माखतात. फूल गळाल्यावर राहणारे बोंड तर कुंकवाच्या करंड्यासारखे असते: पिकले की वरचे झाकण गोल सुटून पडते आणि आत पोलादी करड्या रंगाचे, मोहरीहून कितीतरी बारीक, चमकदार बी दिसते. झाकण पडण्याआधी बोंडे कागदाच्या पुडीत घ्यावीत. पेरताना बी मातीवर नुसते भुरभुरावे. त्याला उजेड लागतो, मातीत गाडले तर उगवत नाही. दुहेरी फुलांच्या झाडांना बी कमी धरते आणि बियांपासून रंगही सरमिसळ येतात, म्हणून आवडता रंग टिकवायचा असेल तर फांदीच लावावी.

फांदी लावण्याइतके सोपे काम बागेत दुसरे नाही. संक्रांतीनंतर ऊन तापू लागले की, किंवा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात, तीन-चार इंचांचे शेंडे खुडावेत, खालची पाने काढावीत आणि एक दिवस सावलीत ठेवून कापलेले तोंड सुकू द्यावे. ओली जखम मातीत गेली की कूज धरते. मग एका कुंडीत पाच-सहा फांद्या खोचून हलके पाणी शिंपडावे. आठ-दहा दिवसांत मुळे धरतात. बाजारातली कुठलीही पावडर लागत नाही. फुलांचा एक बहर ओसरला की झाड एक तृतीयांश छाटल्यास फुटवे येऊन ते दाट होते.

किडींचा त्रास फारसा नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा आणि लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारावे. पावसाळ्यात गोगलगायी रात्री वेचाव्या लागतात.

कुंडीत आपोआप उगवलेली घोळ अनेकजण तण म्हणून फेकतात, त्याऐवजी ती भाजीला घ्यावी, असे मला वाटते. मात्र देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, दुधी नावाच्या तणासारखी दुसरीच वनस्पती आहे, ती खाऊ नये. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी घोळही बेतानेच खावी, कारण तिच्यात ऑक्झलेटचे प्रमाण जास्त असते. विकत आणलेली शोभेची रोपे तर फवारलेली असतात, त्यांची पाने कोणी तोंडात घालू नयेत.

आपणास विनंती एवढीच की, रोज दोन वेळा पाण्याचा आणि जास्त कोकोपीटचा तो सल्ला मृगापूर्वीच्या एखाद्या अंकात दुरुस्त करून छापावा, आणि यापुढे बागकामाचा मजकूर देताना आपल्या जिल्ह्याच्या पावसाचा हिशोब त्यात असावा. कमी पावसाच्या जत किंवा आटपाडीच्या अंगणात जे चालते, ते कोल्हापुरात रंकाळ्याकाठच्या घरात चालत नाही आणि धो धो पावसाच्या गगनबावड्यात तर मुळीच नाही. रोपवाटिका चालवणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे की, मे महिन्यात ही रोपे विकताना गिऱ्हाइकाला 'पावसात आत घ्या' हे तीन शब्द अवश्य सांगावेत.

दर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी छाटलेल्या फांद्या रंगानुसार कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या दाराबाहेरच्या कट्ट्यावर ठेवते. अशा गुंडाळलेल्या फांद्या तीन-चार दिवस सहज टिकतात. पेठेतल्या शाळकरी मुली येता-जाता त्या घेऊन जातात, आणि गेल्या वर्षी त्यांतल्या दोघींनी माझ्याकडे नसलेला पांढरा रंग मला आणून दिला.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर