दोन्ही गाड्या राहू द्या

स्टुटगार्ट,
17 ऑगस्ट

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवाच फोन झाला, तरी हे पत्र लिहून राहिले. फोनवर बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. फियाट आणि पद्मिनी या दोन जुन्या गाड्यांची एक करायची, हा विषय असा मिटायला नको. पानांचे फोटो आजच पाठवते, कागद टपालाने मागून येतील. मोठ्या आईलाही वाचून दाखवा, फक्त शेवटचं पान सोडून.

आधी खुशाली. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईने दिलेलं तिखट अजून अर्धा डबा आहे. वजन कमी झालेलं नाही, व्हिडिओत तसं दिसतं.

आणि आई, मी इथे रस्ता झाडते असं तुझ्या कानावर आलं, ते खरं आहे. पण ऐकून तू रात्रभर जागलीस म्हणे, म्हणून नीट सांगते. इथल्या बहुतेक इमारतींत 'केरवोखे' असते. केर म्हणजे झाडणं आणि वोखे म्हणजे आठवडा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हा शब्द मला आपल्या घरचाच वाटला. दाराच्या मुठीला एक छोटी पाटी अडकवलेली दिसली की समजायचं, हा आठवडा आपला. लहान केरवोखे असली तर आपल्या मजल्यापुढचा जिना झाडून पुसायचा. मोठी असली तर खालचं दार, तळघराची वाट आणि इमारतीपुढचा फूटपाथही. केर असो वा नसो, झाडायचंच. एकदा जिना स्वच्छ होता म्हणून मी झाडला नाही, तर खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन विचारून गेल्या, तब्येत बरी आहे ना? आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. आमच्याकडे एक डॉक्टरीण आहे, एक शाळेचे हेडमास्तर आहेत, सगळ्यांच्या पाळ्या लागतात. लोकांनी आपल्या दारापुढची घाण स्वतः उचलावी असा नियम या शहराने 1492 मध्ये केला होता, इतकी जुनी ही सवय आहे. यात कमीपणा काही नाही, आई. तूही सकाळी अंगणात सडा टाकतेस, तसंच हे. ज्यांनी तुला सांगितलं त्यांना हेही सांग.

गाड्यांचा विषय याच केरवोखेतून निघाला. मागच्या शनिवारी मागचं आवार झाडत होते तर पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या गॅरेजचं शटर उघडं होतं. आत त्यांची जुनी फोक्सवॅगन बीटल उभी होती. नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर होतं. इथे 30 वर्षांपुढची गाडी मूळ रूपात राखलेली असली तर हे अक्षर मिळतं, करही वेगळा, ठरावीक लागतो. मी त्यांना बाबांनी पाठवलेले दोन्ही गाड्यांचे फोटो दाखवले आणि मिस्त्रींचा बेत सांगितला: फियाटचं अंग घ्यायचं, त्यात पद्मिनीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि काचा बसवायच्या, उरलेली पद्मिनी भंगारात द्यायची.

मला वाटलं इंजिनाचं विचारतील. त्यांनी विचारलं, "नंबर कुठे ठोकलेला आहे?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. बाबा, मिस्त्री चुकीचं सांगत नाहीत. दोन्ही इंजिनं 1089 सीसीची, एकाच वंशातली. 1974 पासून फियाटचं नाव पद्मिनी झालं तरी खाली गाडी तीच राहिली. म्हणून एकीचं दुसरीत बसेल यात मला शंका नाही. पण जीपला असते तशी या गाड्यांना खाली वेगळी चेसिस नाही. पत्र्याचं अंग हीच चेसिस. ती गाडी कोणती, हे त्या अंगावर ठोकलेला नंबर आणि आरसी पुस्तकातला इंजिन नंबर मिळून ठरतं. फियाटमध्ये दुसरं इंजिन बसवलं तर आरटीओत तशी नोंद करावी लागेल, आणि आपल्या आजोबांनी घेतलेली ती 1969 ची फियाट डिलाइट पुढे अर्धीच राहील.

दुसरं कारण आपल्याकडच्या 2021 च्या नियमांचं आहे. 50 वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. काळ्या पाटीवरचा तो तीन अक्षरी नंबर बाबा अजून दर दसऱ्याला पुसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. पण अंगात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी यात बसत नाही. शिवाय व्हिंटेज नोंद झाली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला नि दुरुस्तीलाच बाहेर काढायची. बाबांना तिच्यातून टेकडीच्या गणपतीला जायचंय, म्हणून तूर्त नोंद बदलू नका. फक्त हा मार्ग आपल्या हाताने बंद करू नका एवढंच म्हणते.

आता मोठ्या बाबांच्या पद्मिनीबद्दल. तिचं इंजिन चांगलं आणि अंग वाईट, फियाटचं अंग चांगलं आणि इंजिन जाम. म्हणून कुणालाही वाटेल, दोन्हीची एक करावी. पण हे असं का झालं ते बघा. फियाट जन्मभर धंतोलीतल्या कडुलिंबाखाली उभी राहिली. नागपूरच्या उन्हाने तिचं रबर खाल्लं, डॅशबोर्ड तडकवला, पण पत्र्याला हात लावला नाही. पद्मिनी 1986 पासून दादरला, समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि मुंबईच्या पावसात होती. तिचा पत्रा खालून सडला, पण मोठ्या बाबांनी इंजिन एक दिवस बंद पडू दिलं नाही. रिटायर झाल्यावर तीच चालवत ते नागपूरला आले. चहाला थांबले तेवढाच काय तो उशीर. ज्या गाडीने हे केलं तिला भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायला माझं मन होत नाही.

शिवाय मोठे बाबा गेले तरी ती अजून त्यांच्याच नावावर आहे. मोडायची असली तरी आधी मोठ्या आईच्या नावावर करावी लागेल, त्यासाठी 31 नंबरचा फॉर्म आहे. तो भरून टाका, मोडायला नाही, ठेवायला. "मला काय करायची गाडी, एक करून टाका," असं मोठी आई म्हणाली, हे खरं. पण बाबा, तुमच्या खिशाकडे बघून ती असं म्हणाली. तिला ओळखत नाही का आपण?

म्हणून माझं म्हणणं असं, की दोन्ही वेगळ्या राहू द्या आणि आधी पद्मिनी करा. मोठ्या आईच्या छोटीचं लग्न वर्षाच्या आत, मार्गशीर्षात उरकायचं ठरलंय. ती मांडवातून तिच्या बाबांच्या गाडीत बसून जाऊ दे. गाडी नव्यासारखी चमकायची गरज नाही. रंगही तोच पिस्त्याचा ठेवा, जिथे पत्रा बदलेल तिथेच मारा. फ्लोअर आणि दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या सिल मात्र नीट कापून नवीन पत्र्याने वेल्ड करायच्या. वरून पुटी भरून झाकलेलं चालणार नाही. बीटलवाल्या आजोबांनी शिकवलेली युक्ती सांगते: फ्रिजवरचं मॅग्नेट पातळ कापडात गुंडाळा आणि अंगावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुटी आहे, पत्रा नाही. काम झाल्यावर डेंटरला पैसे देण्याआधी बाबांनी हे स्वतः करावं. चारही चाकांच्या ब्रेकचे रबर बदला, हे कितीही घाई असली तरी सोडू नका. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदाही नवा घाला, कारण आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं.

फियाटला तोवर फक्त औषध द्या. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि थोडं इंजिन ऑइल मिसळून टाका आणि आठ दिवस हात लावू नका. मग पुलीला पाना लावून हळूच हलवून बघा. हललं तर तुमचं नशीब. नाही हललं तर राहू द्या, डिसेंबरात मी आले की आपण दोघं इंजिन खाली काढू. कुणालाही गाडी ओढून, गिअर टाकून सुरू करू देऊ नका, पिस्टनच्या रिंगा तुटतील.

मिस्त्रींनी एकीला दीड लाख आणि दोन्हींना अडीच सांगितले होते. काल 80,000 टाकलेत बाबांच्या खात्यात, दिवाळीआधी तेवढेच आणखी टाकते. परत पाठवू नका. मी पोट मारून पाठवत नाहीये. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी मोठ्या बाबांनी भरली होती आणि पुन्हा कधी नाव काढलं नाही, हे बाबांना ठाऊक आहे. मोठी आई "कशाला" म्हणाली तर हेच सांगा.

इथून पुढचं पान तुमच्या दोघांसाठी.

अमरावतीच्या मुलाला मी फोन केला होता. चांगला बोलला, आईची चौकशी केली. डिसेंबरात भेटेन. त्याआधी "पसंत आहे" असं कुणालाही कळवू नका, आणि "नाही" असंही कळवू नका. आई, छोटीच्या मांडवात माझं लग्न काढू नकोस, तो दिवस तिचा आहे. घराच्या हप्त्यातले तीन राहिलेत ना, ते मी फेब्रुवारीपर्यंत संपवते. बाबांनी पेन्शनमधून भरायचे नाहीत.

अजून एक. होळीच्या वेळी मोठे बाबा गेले तेव्हा तिकीट मिळत नाही असं मी सांगितलं होतं. मिळत होतं. दोनदा विमान बदलून येणारं होतं, महाग होतं, आणि त्याच आठवड्यात ऑफिसात माझ्या कामाची तपासणी होती. मला वाटलं, तेरावीला पोहोचू. मग तेव्हाही निघाले नाही. छोटीने मला एकदाही विचारलं नाही, म्हणून जास्त लागतं. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं.

बाबा, पद्मिनीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात मोठ्या बाबांची निळी वही असेल. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की ते तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहायचे. डेंटरकडे गाडी द्यायच्या आधी ती काढून घ्या, आणि मोठ्या आईच्या हातात द्या, कपाटात ठेवू नका.

पोळा येऊन राहिला असेल. यंदा मारबतीची मिरवणूक बघायला छोटीला घेऊन जा, घरात बसू देऊ नका.

तुमची लेक

ता. क. ताडपत्री बांधताना कडुलिंबाकडचा दोर घट्ट बांधा. मागच्या फोटोत तिथे पाणी साचलेलं दिसलं, फियाटच्या छताला अगदी लागून.