‘आता ग्लुकोज घाल’ म्हणणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

तू प्रयोगशाळा सोडून नव्या कामावर गेलीस, निरोपाच्या गडबडीत आभार मानायचे राहून गेले. ते आज मानते, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर. एन्झाइमकडून इलेक्ट्रोडकडे थेट जाणाऱ्या इलेक्ट्रॉनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला तुझ्यासारखं कुणीतरी शेजारच्या बाकावर हवं.

कार्बन नॅनोट्यूबवर ग्लुकोज ऑक्सिडेज (ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण करणारं एन्झाइम) बसवून मी पहिला सायक्लिक व्होल्टॅमोग्राम काढला, म्हणजे व्होल्टेज पुढे-मागे फिरवत प्रवाह टिपणारा आलेख. सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.४५ व्होल्टच्या आसपास दोन देखणी शिखरं आली. तू स्क्रीनकडे बघून एवढंच म्हणालीस, “छान. आता द्रावणात नायट्रोजन वायू सोडून त्यातला ऑक्सिजन काढून टाक आणि ग्लुकोज घाल.” ग्लुकोज घातलं, शिखरं जागची हलली नाहीत. मग एन्झाइमऐवजी नुसतं एफएडी, म्हणजे एन्झाइमच्या आत बसून इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करणारा सहघटक रेणू, लावून तोच प्रयोग करायला लावलास. तीच शिखरं, त्याच जागी.

त्यानंतर तू एन्झाइमची रचना उघडून अंतरं मोजून दाखवलीस, ती दुपार मी विसरणार नाही. ग्लुकोज ऑक्सिडेजमधलं एफएडी पृष्ठभागापासून साधारण १.३ ते १.५ नॅनोमीटर आत, वर शर्करांचं आवरण. प्रथिनातून इलेक्ट्रॉन एका उडीत जातो तो जास्तीत जास्त १.४ नॅनोमीटरपर्यंत, आणि अंतर दर ०.१७ नॅनोमीटरने वाढलं की वेग दहापट घटतो. म्हणजे शिखरं दिसतात ती बहुधा एन्झाइममधून सुटून कार्बनला चिकटलेल्या एफएडीची. खरंच थेट हस्तांतरण होत असतं, तर ग्लुकोज पडताच ऑक्सिडीकरणाचा प्रवाह चढला असता. हवा असताना ग्लुकोज घातल्यावर ऑक्सिजनमुळे मिळणारा प्रवाह कमी होतो, त्याला कित्येक लेखांत थेट हस्तांतरणाचा पुरावा मानलंय. पण ऑक्सिजन संपवणं हे तर या एन्झाइमचं रोजचं काम! इलेक्ट्रोडचा त्यात काय संबंध? हा प्रश्न तू विचारलास आणि माझं लेख वाचणंच बदललं.

तुझ्यामुळे मी जुनं कामही वाचलं. १९७७ साली एडोज आणि हिल यांनी बायपिरिडिल लावलेल्या सोन्यावर, तर येह आणि कुवाना यांनी इंडियम ऑक्साइडवर सायटोक्रोम सी थेट बोलतं केलं, म्हणजे इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनची थेट देवाणघेवाण घडवली. ते लहानसं प्रथिन, त्यातल्या हीमची (इलेक्ट्रॉन घेणाऱ्या-देणाऱ्या लोहयुक्त गटाची) कड पृष्ठभागाशी. एन्झाइमची निवड याच नजरेने करायची, हे तू शिकवलंस. लॅकेज या तांबं असलेल्या एन्झाइममध्ये टी-१ नावाचा तांब्याचा अणू पृष्ठभागाजवळ असतो, तोच इलेक्ट्रॉन घेतो आणि आतल्या तांब्याच्या तीन अणूंना देतो, तिथे ऑक्सिजनचं पाणी होतं. फ्रुक्टोज डिहायड्रोजनेज या एन्झाइममध्ये हीम असलेला भाग इलेक्ट्रॉनला एफएडीकडून बाहेर येण्याची वाट देतो. पण वाट असूनही एन्झाइम पालथं बसलं तर काय उपयोग! म्हणून २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या आर्मस्ट्राँग यांच्या गटाने ग्रॅफाइटवर अँथ्रासीन हा चपटा सेंद्रिय रेणू बसवला: लॅकेजच्या टी-१ जवळच्या खोबणीत तो शिरावा आणि एन्झाइम नीट दिशेने धरलं जावं. हा लेख तू माझ्या हातात ठेवलास, तो आमच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरला.

आणि हो, हातांचं शिक्षण. ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड घासून गुळगुळीत करायला ०.०५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिना भुकटीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, दाब सगळीकडे सारखा, मग पाण्यात सोनिकेट करायचा, म्हणजे अल्ट्रासाउंड लहरींनी स्वच्छ करायचा. कोरा इलेक्ट्रोड, उष्णतेने निकामी केलेलं एन्झाइम आणि नुसता सहघटक, हे तिन्ही आलेख हातात आल्याशिवाय निष्कर्षाची भाषा करायची नाही. घाईच्या दिवसांतही तू माझ्यासोबत थांबून ते करून घेतलंस. तुझं स्वतःचं लिखाण बाजूला ठेवून दिलेला तो वेळ होता, याची मला पूर्ण जाणीव आहे.

सध्या बिलिरुबिन ऑक्सिडेज या, लॅकेजसारख्याच तांब्याच्या एन्झाइमचा कॅथोड (ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणारा इलेक्ट्रोड) चालू आहे. इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा मध्यस्थ रेणू न घालता ऑक्सिजनचा प्रवाह मिळतोय, आणि एन्झाइम निकामी केलं की तो जातो. प्रवाह सुरू होण्याचं पोटेन्शियल टी-१ तांब्याच्या पोटेन्शियलशी जुळतंय. पडताळणीचे ते तिन्ही आलेखही काढलेत. सगळं तुला वेगळं पाठवतेय. सवडीने बघ आणि नेहमीसारखे प्रश्न काढून परत पाठव.

मनापासून आभार, ताई.

तुझी,
शेजारच्या बाकावरची धाकटी