निळ्या रेषा पुसू नकोस

सांगली

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

बाबांच्या व्यंगचित्रांच्या पुस्तकासाठी तू निवडलेली साठ चित्रं फोनवर बोटांनी मोठी करकरून बघितली. डोळे चुरचुरायला लागले, पण सगळी बघितली. फोनवर सांगितलेलं तुझ्या डोक्यात राहत नाही, म्हणून हे पत्र.

स्कॅनमध्ये शाईखाली फिकट निळ्या रेषा दिसतात, त्या कॉम्प्युटरवर साफ करायच्या म्हणतोस. करू नकोस. त्या काळी पेपरात छापायला चित्राचा फोटो काढून, जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडनं कोरून ब्लॉक करायचे आणि लाकडी ठोकळ्यावर ठोकायचे. ब्लॉकवाल्याच्या कॅमेऱ्याला फिकट निळा रंग दिसत नसे. म्हणून बाबा आधी निळ्या पेन्सिलीनं काढायचे आणि वरून टाकानं काळी रेघ ओढायचे. निळं खोडायची गरजच नव्हती. चित्र छापायच्या दुप्पट काढायचे. रेघा फार दाट झाल्या की लहान होताना शाई भरून काळा गोळा व्हायचा. 'पेपरच्या कागदावर करडा रंग नसतो,' हे त्यांचं वाक्य तुलाही पाठ असेल.

आता ते नळाचं चित्र काढून बघ. नळाला झेंडूचा हार, समोर फीत, कात्री धरलेला पाठमोरा पुढारी आणि रिकामा हंडा घेतलेली बाई. निळ्यात नीट बघ, तो पुढारी पाठमोरा नाही. त्याला तोंड आहे, मिशा आहेत, चार बोटांत चार अंगठ्या आहेत. आपल्या गल्लीच्या टोकाला राहायचे ते. रात्री दहाला ह्यांनी ते तोंड सोडलं आणि पाठ काढली. मी भांडले. भित्रे म्हणाले त्यांना. तर म्हणाले, "त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे, आठवीत. उद्या पहिला तास चित्रकलेचा." दोन दिवसांनी ते गृहस्थ मंडईत भेटले आणि म्हणाले, "मास्तर, पाठ अगदी बरोबर काढलीत." आणि हसले. मेथीची जुडी हातात धरून बाबा नुसते उभे.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण त्यांचं दैवत होते हे तुला माहीतच आहे. 1951 पासून रोज पहिल्या पानावर एक चौकट, आणि तिच्यात चौकडीच्या कोटातला तो माणूस, कधी एक अक्षर न बोलणारा. 'तुम्ही कुठं शिकलात?' असं कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, 'लक्ष्मणना जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं प्रवेश नाकारला होता, माझं तर एटीडी, चित्रकला शिक्षकाची पदविका, झालंय!' पण लक्ष्मणना पंतप्रधान मंडईत भेटत नव्हते. गावच्या पेपरात काढणाऱ्याला सकाळी त्याच गावात दूध आणायला जावं लागतं. तू निवडलेल्या साठात सगळे ओळखू येणारे चेहरे आहेत, मोठे मोठे, मुंबई-दिल्लीचे. ते त्यांना सोपे जायचे रे. एका चित्राचे पाच रुपये मिळायचे, चेहरा दिल्लीचा असो की गल्लीचा.

आणीबाणीतलं एकही घेतलं नाहीस. 'यात काहीच नाही, नुसता पाऊस आणि एसटी' म्हणालास. बरोबर आहे, काहीच नाही. छापण्याआधी सगळं तपासून जायचं. त्या एसटीत ड्रायव्हरच्या जागेवर कुणी नाही आणि सगळे प्रवासी गप्प बसलेत, हे मलाही आत्ताच दिसलं. मुद्दाम होतं की घाईत ड्रायव्हर राहिला, देव जाणे. तरी घे.

आणि शि. द. फडणीसांसारखी बिनशब्दांची चित्रं म्हणून वेगळा विभाग करतोयस, तो आधी थांबव. फडणीस आपल्या भागातले, भोजचे, तुझ्या गणिताच्या पुस्तकात त्यांची चित्रं होती म्हणून बाबांना कोण अभिमान! पण बाबांना बिनशब्दांचं कधी जमलं नाही, हे तेच कबूल करायचे. ओळ ते चित्राखाली फाउंटन पेननं लिहायचे, ती प्रेसमध्ये अक्षरांच्या खिळ्यांनी जुळवली जायची. 2005 च्या पुरात चित्रांची पेटी भिजली. चित्राची शाई वॉटरप्रूफ, ती तशीच राहिली. ओळी वाहून गेल्या. कागदाच्या तळाला जो निळसर डाग दिसतो ना, ती ओळ होती. त्यानंतर मी पेटी माळ्यावर टाकली म्हणून 2019 ला वाचली, तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं.

पेपरानं शेवटी चौकट बंद केली, जाहिरातीला जागा हवी होती म्हणून. तेव्हा ह्यांनी कात्रणं रद्दीत घातली. मी अडवलं नाही, ते चुकलं. त्यामुळं छापलेल्या ओळी आता मिळायच्या नाहीत. पण सगळ्या आधी मलाच वाचून दाखवायचे, मी हसले नाही तर बदलायचे. निम्म्या तरी अजून आठवतात. दिवाळीला येशील तेव्हा मूळ कागद घेऊन ये, फोनवर नको. मी सांगते, तू लिही. आठवणार नाही तिथं डाग तसाच छाप, नवीन ओळ जुळवू नकोस.

नळाच्या चित्राची आत्ताच लिहून घे. हंडेवाल्या बाईला तो पाठमोरा सांगतोय, "पाणी? अहो ताई, आज फक्त उद्घाटन आहे."

तुझी,
आई