मामा, ती रेघ वाकडीच बरोबर होती

मामा,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात एमएस्सी करताना माझ्या जर्नलवर सरांची सही झाली, जोडीदार म्हणून मैत्रिणीचं नाव लागलं. लॅबमधल्या मामांसाठी रकानाच नव्हता. तुम्ही निवृत्त झालात, जुना नंबर लागत नाही. म्हणून हे असं उघड पत्र. कुणीतरी सोलापूरकर वाचून दाखवेल तुम्हाला.

चांदीच्या पत्र्याचा प्रयोग आठवतो ना? मेणानं भरलेलं पिंप, मधोमध अमेरिशियम-बेरिलियमचा स्रोत. अमेरिशियमचे अल्फा कण बेरिलियमवर आदळले की न्यूट्रॉन सुटतात, मेणातल्या हायड्रोजनला धडकत धडकत मंदावतात आणि चांदीच्या अणुकेंद्रात शिरतात. साधी चांदी किरणोत्सारी होते. (बाहेर 43 अंश असताना मेण वितळेल की काय, अशी मला खरंच भीती वाटायची.)

पत्रा बाहेर काढला की पळापळ. त्यात तयार झालेल्या सिल्व्हर-110 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा वेळ, 24.6 सेकंद. चिमटा, झाकण, बटण यांत मी अर्धा मिनिट घालवला, म्हणजे निम्म्याहून जास्त माल वाटेतच संपला. मग शहाणपणा करून मी काउंटरचं, म्हणजे किरण मोजणाऱ्या यंत्राचं, टेबलच पिंपाजवळ ओढलं. तुम्ही ते परत जागेवर नेलंत. ‘‘जवळ आणलं की पिंपाचंच मोजतंय ओ ते.’’ खरंच, पत्रा न ठेवताच बॅकग्राउंड, म्हणजे आजूबाजूच्या किरणांचा आकडा, वाढलेलं होतं. वाटेतली दोन स्टुलं तुम्ही उचललीत, काउंटरचं झाकण आधीच उघडून ठेवलंत आणि मला रिकाम्या चिमट्यानं चार वेळा चालायला लावलंत. पाचव्या वेळी सात सेकंद लागले.

मी पत्रा अर्धा तास पिंपात ठेवायला निघाले होते. ‘‘दहा मिनिटं बास. जास्त ठेवून काय वाढत न्हाई.’’ घरी गणित केलं. पत्र्यात तयार होणारं चांदीचं दुसरं समस्थानिक (वेगळ्या वजनाचा चांदीचाच अणू) सिल्व्हर-108, अर्धायुष्य 2.4 मिनिटं. दहा मिनिटांत ते कमाल पातळीच्या सुमारे 95 टक्क्यांवर पोचतं. सूत्राशिवाय तुम्हाला ते ठाऊक होतं.

आणि ती रेघ. दर दहा सेकंदांनी तुम्ही आकडे मोठ्यानं वाचत होतात, मी लिहीत होते. सेमी-लॉग कागदावर एकाच अर्धायुष्याची घट सरळ रेघ दिसते. त्यावर ठिपके मांडले, तर ते सरळ रेषेत येईनात. सुरुवातीला उतार तीव्र, पुढं सपाट. जर्नल दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. मी पट्टी ठेवून सुरुवातीचे चार ठिपके गुपचूप खोडायला लागले. तुम्ही पाहिलंत.

‘‘ताई, ही रेघ सरळ येत नसते. वीस वर्षं बघतोय मी. पट्टी ठेवा खाली.’’

एका पत्र्यात दोन घड्याळं चालू होती, हे तेव्हा लक्षात आलं. चार मिनिटांनंतरचे ठिपके एकट्या सिल्व्हर-108 चे. ती रेघ मागं वाढवून वजा केली, तर उरलेल्यातून सिल्व्हर-110 चं अर्धायुष्य 26 सेकंद निघालं. पुस्तकाच्या इतक्या जवळ मी पुन्हा कधी गेले नाही!

आता मी पुण्यात न्यूक्लियर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी तपासणी-उपचार करणाऱ्या विभागात आहे. इथं स्कॅनसाठी किरणोत्सारी फ्लोरिन-18 असतं, अर्धायुष्य 110 मिनिटं. पुण्याहून सोलापूरला चार तासांत गाडीनं न्यायचं म्हटलं, तर पोचेपर्यंत पाव हिस्साही उरणार नाही. नव्या मुलांना मी रिकाम्या चिमट्यानं चालायला लावते. ती हसतात.

जर्नल अजून आहे. खोडलेले दोन ठिपके पुसट दिसतात. दिवाळीत सोलापूरला येतेय, सोबत आणते. तिथं तुमचं पूर्ण नाव लिहायचंय, आणि ते मी कधी विचारलंच नव्हतं.

तुमची,
पट्टीवाली ताई